घराला खिडक्या कोणत्या बसवाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधताना किंवा फ्लॅटचे नूतनीकरण करताना टाइल्सवर महिनाभर चर्चा होते आणि खिडक्यांचा निर्णय फॅब्रिकेटरच्या एका फोनवर उरकतो. पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या घरातला वारा, उजेड, ओल आणि विजेचे बिल त्याच निर्णयावर ठरते. म्हणून घर बांधणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे जरा सविस्तर दिली आहेत. उदाहरणे महाराष्ट्र आणि गोव्याच्या हवामानातली आहेत.

सगळ्या घराला एकाच प्रकारच्या खिडक्या घ्याव्यात का?

नाही. या पानावरचे एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. फॅब्रिकेटरला एकच सेक्शन (चौकटीची तयार पट्टी) कापणे सोपे जाते आणि बिल्डरला एकच ऑर्डर देणे. पण पश्चिमेच्या बेडरूमची गरज वेगळी, ओट्यामागच्या खिडकीची वेगळी आणि रस्त्याकडच्या दिवाणखान्याची तर अगदीच वेगळी. प्रकार खोलीगणिक ठरवा. रंग, काचेची छटा आणि वरची पातळी सगळीकडे सारखी ठेवली की बाहेरून घर विजोड दिसत नाही. लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, साधारण सात फुटांवर एका रेषेत असले, तर खाली स्लायडिंग आहे की कब्जाची (बिजागऱ्यांवर उघडणारी), हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

स्लायडिंग चांगली की पल्ले उघडणारी?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. आधी एक साधा हिशोब पाहू. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते, कारण एक पल्ला दुसऱ्यामागे जातो. तीन ट्रॅकवर काचेचेच तीन पल्ले असतील तर दोन तृतीयांश उघडते. मात्र आपल्याकडे तिसरा ट्रॅक बहुधा जाळीला जातो, त्यामुळे पुन्हा निम्मीच. कब्ज्यांवर उघडणारी खिडकी जवळजवळ पूर्ण, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास उघडते. पाच फूट बाय चार फुटांची खिडकी, म्हणजे वीस चौरस फूट. स्लायडिंगमध्ये वाऱ्याला दहा चौरस फूट मिळतात, कब्जाच्या खिडकीत अठरा. भिंतीत भोक तेवढेच, काचेचा खर्चही जवळपास तेवढाच.

बाहेर उघडणाऱ्या पल्ल्याचा आणखी एक गुण फारसा कुणी सांगत नाही. खोलीला एकाच भिंतीत खिडकी असेल आणि वारा भिंतीला समांतर वाहत असेल, तर उघडा पल्ला वारा अडवून आत वळवतो. स्लायडिंगमध्ये असे अडवायला काहीच नसते.

मग स्लायडिंग कुठे घ्यावी? पल्ला उघडायला जागा नसेल तिथे. बाहेर जिना, पॅसेज किंवा शेजारची भिंत असेल. आत पलंग किंवा टेबल खिडकीला लागून असेल. खिडकी फार रुंद असेल. कब्जाचा पल्ला दोन-अडीच फुटांपेक्षा रुंद केला की स्वतःच्याच वजनाने झुकतो आणि काही वर्षांत चौकटीत घासायला लागतो. उंच इमारतीत बाहेर उघडणारा पल्ला वादळी वाऱ्यात आपटतो आणि त्याची बाहेरची काच आतून पुसता येत नाही. तिथे स्लायडिंग बरी, किंवा परवडत असेल तर आत कलणारी आणि आतच उघडणारी टिल्ट अँड टर्न. तिचे हार्डवेअर महाग असते. पडदा आणि आतली जागा यांचा विचार मात्र आधीच करावा लागतो.

खोलीला खिडकी किती मोठी लागते?

राष्ट्रीय इमारत संहितेत हवामानानुसार प्रमाण दिलेले आहे: उष्ण-दमट हवेत जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश, मध्यम हवेत एक अष्टमांश, उष्ण-कोरड्या हवेत एक दशांश. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची इको-निवास संहिता २०१८ साली आली. ती याच्या पुढे जाते आणि खिडकीचा उघडणारा भाग मोजते. उष्ण-दमट विभागासाठी तिचा आकडा १६.६६ टक्के आहे. त्यात बाल्कनीत उघडणारी दारेही धरतात.

आता दहा बाय बाराची बेडरूम घ्या. एकशेवीस चौरस फुटांचा एक षष्ठांश म्हणजे वीस. मुंबईत किंवा रत्नागिरीत या खोलीला पाच बाय चारची एकच स्लायडिंग खिडकी दिली, तर कागदावर ती पुरेशी वाटते, पण उघडते फक्त दहा चौरस फूट. रात्री त्या खोलीत गुदमरल्यासारखे होते ते यामुळे, आणि मग एसी लावायची वेळ येते.

एका मोठ्या खिडकीपेक्षा दोन वेगवेगळ्या भिंतींत दोन मध्यम खिडक्या कधीही चांगल्या. वाऱ्याला आत यायला वाट हवी तशी बाहेर जायलाही हवी. दुसरी बाहेरची भिंत नसेल, तर दारावर उघडणारे व्हेंटिलेटर ठेवा. जुन्या चाळींत आणि सरकारी क्वार्टर्समध्ये ते असायचे. फ्लॅट संस्कृतीत ते नाहीसे झाले याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण छताजवळ साचलेली गरम हवा बाहेर काढायचा तो सर्वांत स्वस्त उपाय होता.

पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी आग येते. छज्जा वाढवू का?

छज्जा वाढवून फारसा फरक पडणार नाही. कारण सूर्याच्या कोनात आहे.

पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या आसपास. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर मार्चच्या विषुवदिनी भर दुपारी त्याची सावली सुमारे सहा फूट खाली येते, म्हणजे चार फुटी खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात सूर्य खाली असतो, तेव्हा तीच सावली सव्वादोन फुटांच्या आसपास राहते आणि थंडीतले हवेहवेसे ऊन निम्म्या खिडकीतून आत येते. दक्षिणेला साधा छज्जा इतके सुरेख काम करतो.

पश्चिमेला हे गणित कोलमडते. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंचवीस-तीस अंशांवर असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली तेव्हा फूटभरच पडते, बाकी ऊन थेट गादीवर. छज्जा दुप्पट केला तरी दोन फूट. पश्चिमेला आडव्या सावलीपेक्षा खिडकीसमोर उभा अडथळा हवा: बाहेरून लावलेली बांबूची चिक किंवा चटई, सरकत्या लाकडी पट्ट्यांचे पल्ले, जाळीची भिंत, किंवा तळमजल्यावर चक्क एखादे झाड. आतला पडदा उजेड अडवतो, उष्णता नाही, कारण ती काचेतून आत शिरलेली असते.

नवे घर बांधत असाल तर पश्चिमेला खिडक्या लहान ठेवा आणि बाथरूम, जिना, कोठीची खोली त्या बाजूला टाका. पण पश्चिम पूर्ण बंद करू नका. घाटमाथ्यावर आणि पुण्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचा सुखद वारा तिकडूनच येतो.

उत्तरेच्या खिडकीला मात्र बिनधास्त मोठे करा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडे किंचित उत्तरेला असतो खरा, पण इतका डोक्यावर असतो की लहान छज्जाही पुरतो.

पावसाळ्यात खिडकीतून पाणी आत येते. प्रकार बदलून उपयोग होईल का?

काही अंशी. आधी दिशा पाहा. कोकणपट्टी आणि मुंबईत मोसमी वारे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतात आणि पाऊस आडवा मारतो. कोकणातली जुनी घरे याला पडवीने उत्तर देत. पावसाची झोड पडवीत जिरे आणि खिडकी आत कोरडी राही. पावसाळ्याआधी त्या बाजूला झावळ्यांचे झापही बांधत. मुंबईतल्या कंबाला हिलवर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली पूर्ण केलेल्या कांचनजंगा इमारतीत हीच युक्ती उंच टॉवरमध्ये आणली. समुद्राचे दृश्य पश्चिमेला, ऊन आणि पाऊसही पश्चिमेलाच. म्हणून घरांभोवती दुमजली उंचीच्या खोल गच्च्या. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे आहेत, तेही ऊन-पावसासाठीच.

तुमच्या खिडकीत आता पडवी आणता येणार नसेल, तर या गोष्टी तपासा.

सिलला, म्हणजे खिडकीच्या खालच्या पाटीला, बाहेरच्या बाजूने उतार हवा. निम्म्या घरांत ग्रॅनाइट सपाट बसवलेले असते, काही ठिकाणी तर आत कललेले. ग्रॅनाइटची कड भिंतीबाहेर इंच-दीड इंच आलेली असावी आणि तिच्या खालच्या अंगाला खाच पाडलेली असावी, म्हणजे पाणी तिथेच गळून पडते, भिंतीला चिकटून मागे येत नाही. छज्ज्याच्या खालच्या कडेलाही तशीच खाच लागते.

स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने छोटी भोके असतात, त्यांना वीप होल म्हणतात. ट्रॅकमध्ये साचलेले पाणी त्यांतूनच बाहेर जाते. धुळीने ती बुजतात. काही कारागीर तर सिलिकॉन मारताना तीच बंद करून टाकतात आणि पहिल्याच जोरदार सरीला ट्रॅक भरून पाणी घरात ओसंडते. मृगाच्या आधी एकदा जुन्या टूथब्रशने ट्रॅक साफ करा आणि तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जाते का पाहा.

हे सगळे ठीक असूनही आडव्या पावसाचे पाणी येत असेल, तर मग प्रकार बदला. स्लायडिंगमध्ये पल्ला सरकावा म्हणून ब्रशची सैल पट्टी असते. कब्जाच्या खिडकीत पल्ला रबरी गॅस्केटवर दाबून बसतो. समुद्राकडच्या भिंतीला म्हणूनच कब्जाची खिडकी, किंवा वर बिजागरी असलेली बाहेर उघडणारी खिडकी जास्त भरवशाची. वर बिजागरी असलेल्या खिडकीचा पल्ला स्वतःच छज्जा होतो, त्यामुळे पाऊस चालू असताना ती थोडी उघडी ठेवता येते. संततधार लागते तेव्हा हे सुख मोठे आहे, कारण खोल्या बंद ठेवल्या की कपाटांना बुरशी धरते.

ॲल्युमिनियम, यूपीव्हीसी, लाकूड की लोखंड?

ॲल्युमिनियम: हलके, टिकाऊ, बारीक चौकटीत जास्त काच देणारे. पण बाजारात त्याच नावाखाली पत्र्यासारखा पातळ सेक्शनही मिळतो. सेक्शनची जाडी मिलिमीटरमध्ये आणि वजन किलोत विचारा, आणि नमुना हातात घेऊन पिळून पाहा. समुद्रकिनारी खाऱ्या हवेने कोटिंग फुटले की पांढरे डाग पडतात, म्हणून तिथे पावडर कोटिंग किंवा ॲनोडायझिंगवर पैसे वाचवू नका. स्क्रू आणि कब्जे स्टेनलेस स्टीलचेच घ्या. किनाऱ्याला लागून असाल तर ३१६ ग्रेडचे.

यूपीव्हीसी: हे कडक प्लास्टिक. सांधे वितळवून जोडलेले असल्याने कोपऱ्यांतून पाणी झिरपत नाही, आवाज आणि उष्णता कमी येते, वाळवीचा प्रश्न नाही. चौकट जाड दिसते. आतमध्ये लोखंडी सळई आहे का आणि ती गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) आहे का, हे विचारलेच पाहिजे. मोठ्या पल्ल्यात सळई नसेल तर तो वाकतो. आपल्या उन्हात पांढरा रंग सर्वांत सुरक्षित.

लाकूड: सागवान चांगला मुरलेला असेल तर दोन पिढ्या टिकतो. कोकणात किंजळ, ऐन, फणसही वापरतात. ओले लाकूड मात्र पहिल्याच पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फटी सोडते. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान मिळाले तर अवश्य पाहा. त्याचे फुगणे-आकसणे केव्हाच होऊन गेलेले असते. दर दोन-तीन वर्षांनी तेल किंवा पॉलिशची तयारी हवी.

लोखंडी: चौकट सर्वांत बारीक. देशावर कोरड्या हवेत चालते. किनाऱ्यावर घेऊ नका.

काच कोणती?

सिल जमिनीला लागून असेल, दार काचेचे असेल किंवा घरात लहान मुले असतील, तर टफन्ड किंवा लॅमिनेटेड. साधी काच फुटली की सुऱ्यासारखे तुकडे होतात. टफन्डचा चुरा होतो. लॅमिनेटेडमधल्या दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे ती फुटूनही जागेवर राहते. वरच्या मजल्यांवर हा गुण महत्त्वाचा. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, म्हणून चौकट बसल्यावरच माप द्या.

उष्णतेसाठी काच घेताना रंग बघून निर्णय घेऊ नका. साध्या पारदर्शक काचेतून सूर्याची ऐंशी टक्क्यांहून जास्त उष्णता आत येते. विक्रेत्याला सोलर हीट गेनचा, म्हणजे सूर्याची किती उष्णता आत येते याचा आकडा आणि उजेड किती टक्के येतो हा आकडा, असे दोन्ही विचारा. पहिला कमी आणि दुसरा बऱ्यापैकी हवा. गडद काचेने उष्णता थोडी कमी होते आणि दिवसा दिवे लावावे लागतात.

दुहेरी काच दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत उपयोगी. ज्या घराच्या खिडक्या वर्षातले नऊ महिने उघड्याच असतात, तिथे तो पैसा सावलीवर खर्च करा.

रस्त्याचा आवाज कमी करायचा आहे.

आधी फटी बंद करा. आवाज हवेच्या वाटेने येतो, त्यामुळे काच दुप्पट जाड करून ब्रशवाली स्लायडिंग तशीच ठेवली तर खर्च वाया जातो. गॅस्केटवर दाबून बसणारी कब्जाची खिडकी आणि लॅमिनेटेड काच ही जोडी हॉर्नच्या आवाजावर चांगली चालते. काचेचे वजनही लक्षात घ्या: दर मिलिमीटर जाडीमागे एका चौरस मीटरला अडीच किलो. त्या मानाने कब्जे आणि रोलर घ्यावे लागतात. खिडकी उघडली की आवाज येणारच, तेव्हा हवेसाठी शांत बाजूला दुसरी खिडकी असेल तरच या खर्चाचा खरा उपयोग.

विदर्भात कूलर बसवायचा असतो. त्यासाठी कोणती खिडकी?

हे आधी विचारणारे फार थोडे. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मार्चअखेर खिडकीत कूलर येतो आणि जूनपर्यंत राहतो. कब्जाच्या खिडकीत तो बसवला की पल्ले तीन महिने उघडेच राहतात आणि उरलेल्या फटी पुठ्ठ्याने बुजवाव्या लागतात. तिथे स्लायडिंग सोयीची: निम्म्या भागात कूलर, निम्मी काच बंद. त्याहून चांगले म्हणजे घर बांधतानाच कूलरच्या तोंडाच्या मापाचा वेगळा पल्ला आणि बाहेर त्याचे वजन पेलणारी स्लॅब ठेवणे. समोरच्या बाजूची एक खिडकी थोडी उघडी राहिली पाहिजे, नाहीतर ओलसर हवा कोंडते आणि कूलर काम करत नाही. कूलर नसताना दिवसा खिडक्या बंद आणि रात्री सताड उघड्या, हाच नियम. त्यासाठी रात्री उघड्या ठेवता येतील अशी ग्रिल आणि जाळी हवी.

जाळी आणि ग्रिलचे काय?

इथे सर्वाधिक गोंधळ होतो, कारण या दोन गोष्टी शेवटी आठवतात. पल्ले बाहेर उघडत असतील तर ग्रिल आतून लागते आणि पल्ला ओढायला गजांतून हात घालावा लागतो. ते जुन्या घरांत चालायचे, कारण डासांची जाळी नव्हती. आता ग्रिलच्या आत जाळी आली, म्हणजे जाळीचा पल्ला आत उघडणारा किंवा घडीचा हवा. ऑर्डर देण्याआधी कागदावर हा क्रम काढा: बाहेरून आत काय काय येते आणि प्रत्येक गोष्ट कुठे उघडते.

बारीक जाळीने वारा बराच कमी होतो, तो हिशोब खिडकीच्या मापात धरा. स्टेनलेस स्टीलची जाळी फायबरपेक्षा टिकते आणि धुता येते.

ग्रिलच्या उभ्या गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर ठेवा. आडवे गज मुलांना शिडीसारखे होतात, ते टाळा. बॉक्स ग्रिल (भिंतीबाहेर पेटीसारखी आलेली) असेल तर तिच्यात कुलपाचा उघडणारा भाग हवाच आणि किल्ली खिडकीजवळच, घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेल्या जागी हवी. आग लागल्यावर दाराकडची वाट बंद झाली, तर पूर्ण बंद ग्रिल माणसांना आत अडकवते. चोरापासून बचाव करताना हा धोका पत्करू नये.

स्वयंपाकघर आणि बाथरूम?

ओट्यामागे स्लायडिंग. आत उघडणारा पल्ला नळाला आपटतो आणि बाहेर उघडणाऱ्यापर्यंत दोन फुटी ओट्यावरून हात पोचत नाही. एक्झॉस्टसाठी वर जागा आधीच ठेवा.

बाथरूमला काचेच्या पट्ट्यांची लूव्हर खिडकी, खाजगीपणा राखून हवा देणारी. पट्ट्या एकेक काढून धुता येतील अशाच घ्या.

गावच्या घराच्या जुन्या खिडक्या काढून नव्या बसवाव्यात का?

चौकट भक्कम असेल तर कृपा करून काढू नका. जुन्या घरांत वरचे आणि खालचे पल्ले वेगळे असलेल्या खिडक्या दिसतात. खालचे लावले की रस्त्यावरून आत दिसत नाही, वरचे उघडे ठेवले की हवा आणि उजेड चालू. आजच्या तयार खिडक्यांत ही सोय सहसा मिळत नाही. माजघरातली खालच्या सिलची खिडकी जमिनीवर बसणाऱ्या-झोपणाऱ्या माणसाच्या अंगावर वारा येईल अशी असते. वाळवी लागलेला भाग सुतार नवा तुकडा जोडून दुरुस्त करतो. काच बसवणे, आतून जाळी लावणे हेही होते.

गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्याची तावदाने असतात. त्यांतून येणारा दुधाळ उजेड फार शांत असतो. तो शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे असलेली तावदाने जपणे हाच मार्ग.

फ्लॅटची खिडकी मोठी करता येते का?

बहुतेक वेळा नाही. ॲल्युमिनियम फॉर्मवर्कच्या, म्हणजे लोक ज्याला मायव्हान म्हणतात त्या पद्धतीच्या इमारतींत भिंतीच काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. त्यांना हात लावायचा नाही. विटांच्या भिंतीतही स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि सोसायटीची लेखी परवानगी लागते. आहे त्याच मापात स्लायडिंग काढून कब्जाची बसवता येते आणि भिंत न फोडता उघडणारी जागा जवळपास दुप्पट होते. बाहेरून दिसणारा रंग बदलणार असेल तर त्यालाही सोसायटीला आधी विचारा.

कोटेशन घेताना काय विचारावे?

दर चौरस फुटावर सांगतात, पण त्यात काय धरले आहे ते प्रत्येकाचे वेगळे. काच कोणती आणि किती मिलिमीटर, जाळी, लॉक, कब्जे किंवा फ्रिक्शन स्टे (उघडा पल्ला हव्या त्या कोनात धरून ठेवणारी पट्टी), सिलिकॉन, वाहतूक, वरच्या मजल्यावरची चढाई, जुनी खिडकी काढणे आणि जीएसटी हे सगळे त्या दरात आहे की वेगळे, ते लिहून घ्या. पूर्ण झालेली एखादी साइट दाखवायला सांगा, शक्यतो दोन पावसाळे पाहिलेली, आणि तिथल्या पश्चिमेच्या खिडकीखालच्या भिंतीवर ओलीचे डाग आहेत का पाहा. शेवटचा हप्ता पाण्याची चाचणी झाल्यावर द्यायचा, असे आधीच ठरवा. बाहेरून पाइपने दहा मिनिटे पाणी मारायचे आणि आतून सिलवर कोरडा कागद ठेवायचा.